काठीच्या खालचा अँटेना

प्रस्तावना

वाणगाव स्टेशनातून पश्चिमेला थोडं गेलं की चिंचणी, वरोर, वाढवण, धाकटी डहाणू अशी मच्छीमार गावांची ओळ लागते. पूर्वेला तलासरीच्या अंगाने मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. मधून पश्चिम रेल्वेचे रूळ आणि त्यांच्यावर २५ हजार व्होल्टची तार. एवढ्या टापूत हलत्या बिनतारी संचांची वाण नाही. बोटींच्या केबिनमध्ये व्हीएचएफ सेट आहेत, पोलिसांच्या जीपवर वायरलेस आहे, गार्ड आणि स्टेशनमास्तर वॉकीवर बोलतात, आणि एखादा परवानाधारक हौशी रेडिओवाला टपावर काठी लावून महामार्गावरून जाताना दिसतो. सेट बिघडला की दुरुस्तीला जातो, काठी वाकली की बदलली जाते. या दोहोंच्या मधली केबल आणि ती जिथे पत्र्याला टेकते ती जागा मात्र कुणाच्याच हिशेबात नसते. हे पुस्तक त्या बेवारशी मुलखाबद्दल आहे.

म्हणणं पहिल्याच पानावर सांगून टाकतो. आपण जिला अँटेना म्हणतो ती काठी हा अर्धाच अँटेना. उरलेला अर्धा गाडीच्या पत्र्याचा असतो, बोटीच्या छतावर बसवलेल्या धातूच्या पाटीचा असतो, आणि यातलं काहीच नीट जोडलेलं नसेल तर केबलच्या जाळीचा असतो. ट्यूनिंग या सगळ्याचं मिळून होतं. म्हणून काठी अर्धा सेंटिमीटर कापून मीटरकडे बघत बसणारा माणूस पुष्कळदा भलत्याच जागी उपाय करत असतो.

समुद्रावरचा चॅनेल १६ घ्या. संकटाची हाक मारायचा हा चॅनेल १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे. तिथे लहरीची लांबी १.९१ मीटर, म्हणजे पाव लहरीची काठी साधारण ४८ सेंटिमीटरची. सेटमधून जेवढा प्रवाह काठीत चढतो तेवढाच दुसऱ्या बाजूने, जाळीच्या वाटेने, कुठेतरी जावा लागतो. काठीखाली पुरेसा मोठा पत्रा असला तर तो तिथे पसरतो आणि काठी सुमारे ३६ ओमचा भार दाखवते. दोन समान हातांचा अर्ध्या लहरीचा डायपोल ७३ ओमच्या आसपास असतो. केबल आपण ५० ओमची वापरतो, आणि या आकड्यामागे तडजोड आहे: हवेच्या केबलमध्ये सर्वांत कमी नाश ७७ ओमला होतो, सर्वांत जास्त शक्ती ३० ओमला सोसते, आणि ५० हा त्यांच्या मधला सोयीचा मुक्काम. टीव्हीची केबल ७५ ओमची असते, कारण तिथे शक्ती पाठवायची नसून क्षीण सिग्नल कमीत कमी नाशाने घरात आणायचा असतो.

आता केबल. वरून ती दोन तारांची दिसते, आत कोअर आणि भोवती जाळी. जास्त वारंवारतेला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाला चिकटून वाहतो. १४५ मेगाहर्ट्झला तो जेमतेम साडेपाच मायक्रॉन खोल शिरतो. त्यामुळे जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू हे दोन वेगळे वाहक होतात आणि एकाच केबलमध्ये तीन रस्ते तयार होतात. कोअर आणि आतली बाजू मिळून प्रामाणिकपणे सिग्नल वाहून नेतात. बाहेरची बाजू ही केबलच्या टोकाला जोडलेली एक मोकळी तार असते. काठीखाली पत्रा नसेल तर परतणारा प्रवाह टोकाला वळसा घेऊन या तिसऱ्या रस्त्याला लागतो, आणि मग केबल, सेटचा डबा, माईकची वायर आणि तो धरणाऱ्याचा हात हे सगळं अँटेनात सामील होतं. केबल हाताने धरली की मीटरचा काटा हलतो, केबल मीटरभर वाढवली की ट्यूनिंग बदलतं, सेट बोलता बोलता गुरगुरतो. वर्षानुवर्षं या तक्रारी वेगवेगळ्या समजल्या गेल्या. त्यांचं मूळ एकच आहे.

हे ज्ञान एकदम आलेलं नाही, आणि ज्या क्रमाने आलं तोही सरळ नाही. समाक्ष केबलची कल्पना इंग्लंडच्या ऑलिव्हर हेविसाइडने १८८० मध्येच पेटंट केली, पण तिला काम मिळायला अर्धं शतक गेलं. अमेरिकेत एस्पेनशीड आणि ॲफेल यांनी आधुनिक केबलचा पेटंट-अर्ज १९२९ मध्ये केला, तोही दूरध्वनी आणि चित्रवाणीच्या वाहतुकीसाठी. गाडीतला रेडिओ त्याच्या थोडा आधी आला. डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींत संच बसवले, पण ते फक्त ऐकू शकत होते. उत्तर द्यायचं तर फोन गाठावा लागे. केवळ ऐकायचं असेल तर जमिनीकडे, म्हणजे अँटेनाच्या त्या उरलेल्या अर्ध्याकडे, दुर्लक्ष चालून जातं. गाडी बोलू लागली तेव्हा ते दुर्लक्ष महाग पडायला लागलं.

जमिनीचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो १९३७ मध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी. प्रसारण-मनोऱ्याखाली किती तारा पुराव्यात आणि त्या कमी पडल्या तर किती शक्ती माती तापवण्यात जाते, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजलं. याच ब्राउनने चार आडव्या काड्यांवर उभा राहणारा तो ओळखीचा ग्राउंड प्लेन अँटेनाही दिला. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, फिलिप स्मिथने गोल तक्त्यावर केबल आणि भार यांचं गणित बसवलं. मग दुसरं महायुद्ध आलं, पॉलिथीनचं आवरण आलं आणि आरजी-८, आरजी-५८ ही लष्करी यादीतली नावं जगभरच्या दुकानांत कायमची राहिली.

आपल्याकडचा एक दाखला इथे नोंदवावासा वाटतो, जरी तो गाडीवरचा नाही. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेलं भूमिगत काँग्रेस रेडिओ केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे. हा आकडा ७.०८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे आज हौशी रेडिओवाल्यांना दिलेल्या ४० मीटर पट्ट्यातला. इथे अर्ध्या लहरीचा डायपोल सुमारे २० मीटर लांब होतो. पोलिसांना चुकवत एका इमारतीतून दुसरीत जाणाऱ्या केंद्राला एवढ्या लांबीचा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने सोडवावा लागत असणार: नवी गच्ची, नवी उंची, शेजारी नवे लोखंडी नळ. या केंद्राच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याच्या तारेबद्दलही कुणीतरी लिहायला हवं.

या विषयातल्या लोकांच्या जाती आहेत आणि त्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. पहिली जात काठी कापणाऱ्यांची. त्यांचा देव एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे केबलवरून किती शक्ती परत फिरते त्यावरून मॅचिंग दाखवणारा. काटा एकावर आला की काम झालं. दुकानांत, बंदरावर, गॅरेजमध्ये याच जातीचं राज्य आहे, आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण त्यांनीच आजवर सगळे सेट चालू ठेवले. दुसरी जात गणितवाल्यांची. अमेरिकेच्या वॉल्टर मॅक्सवेलने १९७० च्या दशकात लेखमाला लिहून दाखवलं की परावर्तित शक्ती ‘वाया जाते’ हा समज चुकीचा आहे. ती परत येते, पुन्हा जाते, आणि शक्ती खरोखर वाया जाते ती केबलमधल्या नाशामुळे. तिसरे जाळीवाले. रॉय लेवालन यांच्या १९८५ च्या लेखाने बालन, म्हणजे केबल आणि अँटेना यांच्या मधला जोड, नेमकं काय करतो आणि काय करत नाही हे स्वच्छ सांगितलं, आणि केबलच्या बाहेरच्या बाजूचा प्रवाह हा मुख्य प्रवाहातला विषय झाला. चौथे संगणकावर प्रतिकृती बांधणारे. लिव्हरमोर प्रयोगशाळेतून निघालेल्या एनईसी प्रणालीमुळे त्यांना घरबसल्या अँटेना तपासता आला, पण गाडीचा गंजलेला सांधा त्या प्रतिकृतीत दिसत नाही. शास्त्रीय पातळीवर आपल्या महाराष्ट्रातलं काम मोठं आहे. पवईच्या आयआयटीतले गिरीश कुमार आणि ‘समीर’ संस्थेतले के. पी. रे यांचा मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचा ग्रंथ २००३ मध्ये आला आणि जगभर वापरला जातो. मात्र तो ग्रंथ आणि बंदरावरचा मेकॅनिक यांच्या मधलं मराठी पुस्तक नव्हतं.

माझा स्वतःचा कल जाळीवाल्यांकडे आहे हे लपवत नाही. त्याचं कारण मीटर.

मीटर खोटं बोलत नाही, पण विचारलेल्यापेक्षा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आरजी-५८ ही बारीक केबल १५० मेगाहर्ट्झच्या आसपास दर मीटर लांबीला सुमारे ०.२ डेसिबल खाते. तिची ३० मीटर लांबी घेतली तर जाताना ६ डेसिबल आणि परत येताना ६. आता वरच्या टोकाला अँटेनाच नसला, तरी खाली मीटर १.७ च्या आसपास दाखवेल. उत्तम! केबल जितकी खराब तितका आकडा गोड. पाणी शिरून जाळी हिरवी पडलेल्या केबलवर म्हणूनच ‘मॅचिंग’ सुरेख येतं आणि बंदराबाहेर आवाज मात्र जात नाही. उलट गोष्टही तितकीच खरी. ७ मेगाहर्ट्झवर गाडीला २.४ मीटरची काठी कॉइल घालून बसवली तर तिचा उत्सर्जनाचा रोध जेमतेम सव्वा ओम असतो. बाकीचा भार कॉइलचा आणि जमिनीच्या नाशाचा. समजा एकूण बेरीज ५० ओम आली. मीटर एक दाखवतो, सगळे खूश, आणि १०० वॅटमधले अडीच वॅट हवेत जातात. आता बॉनेट, दारं आणि सायलेन्सर चपट्या वेणीने चासीला घट्ट जोडा. नाश घटून बेरीज २५ ओमवर आली, तर मीटर दोन दाखवेल आणि सिग्नल जवळजवळ दुप्पट होईल. काठी कापणाऱ्याने इथे वेण्या काढून टाकल्या तर त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्या देवाने त्याला तसंच सांगितलं.

२७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्याबद्दलची एक श्रद्धाही याच घराण्यातली. भारतात ५ वॅटपर्यंत हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. त्यावर ‘केबल १८ फुटांचीच पाहिजे’ हा नियम जगभर पाठ केला जातो. १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर, ही २७ मेगाहर्ट्झची मोकळ्या हवेतली अर्धी लहर. केबलच्या आत लहर हवेतल्याच्या ६६ टक्के वेगाने जाते, तेव्हा आतल्या सिग्नलच्या दृष्टीने ही लांबी अर्धी लहर नाहीच. मोकळ्या हवेतली अर्धी लहर लागू पडते ती जाळीच्या बाहेरच्या बाजूला. म्हणजे हा नियम जिथे ‘चालतो’ तिथे गाडीचा पत्रा नीट जोडलेला नसतो आणि केबल अँटेनाचं काम करत असते. जोडणी ठीक असेल तर केबल सोयीची तेवढी ठेवावी, शक्यतो आखूड.

अर्थिंगबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून पुस्तकातही त्याला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. विजेचा धक्का बसू नये म्हणून केलेलं अर्थिंग, पावसाळ्यात वीज पडली तर तिला वाट देणारं अर्थिंग आणि अँटेनाचा उरलेला अर्धा भाग पुरवणारं अर्थिंग ही तीन वेगळी कामं आहेत. एका सळईने तिन्ही होतील अशी अपेक्षा ठेवली जाते. मल्टीमीटर लावला तर एक मीटर तार शून्य ओम दाखवते. त्याच तारेचं इंडक्टन्स सुमारे एक मायक्रोहेन्री असतं, आणि २७ मेगाहर्ट्झला ते १७० ओमचा अडथळा होतं, १४५ ला नऊशेच्या वर. गच्चीवरून जमिनीत गेलेली १० मीटरची तार चॅनेल १६ च्या दृष्टीने पाच लहरींहून लांब आहे. तिच्या खालच्या टोकाला काय पुरलंय याच्याशी वरच्या काठीचं काही देणंघेणं उरत नाही. बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली वायरही तशीच. ती सेटला वीज देते, अँटेनाला पाया देत नाही. चुंबकाच्या बैठकीची काठी रंगाच्या थरातून पत्र्याशी कपॅसिटरसारखी जोडली जाते, हे व्हीएचएफला पुरतं आणि २७ मेगाहर्ट्झला अपुरं पडतं.

बोटीवर हे सगळं टोकाला जातं. लाकडी किंवा फायबरची केबिन, वर पत्रा नाही. समुद्राचं खारं पाणी उत्तम वाहक, तेव्हा बोटीला जमीन आपोआप मिळते, असा समज तांडेलांपासून विक्रेत्यांपर्यंत सगळीकडे आढळतो. कमी वारंवारतेच्या संचांना तळाला धातूची पाटी लावून पाण्याचा तसा उपयोग करताही येतो. चॅनेल १६ ची काठी मात्र पाण्यापासून तीन-चार मीटर वर, म्हणजे दोन लहरी दूर असते. तिला पाया तिथेच, वर लागतो. म्हणून बोटीसाठी बनवलेले अँटेने अर्ध्या लहरीचे असतात आणि परतीची वाट स्वतःच्याच पोटात घेऊन येतात. स्वस्तात मिळाली म्हणून मोटारीची पाव लहरीची काठी फायबरच्या छतावर बसवली, की केबलच अँटेना होते आणि इंजिनाच्या खोलीपर्यंत सिग्नल सांडत जातो. उपाय फार खर्चीक नाही: ४८ सेंटिमीटरच्या चार काड्या पंचेचाळीस अंशांत खाली उतरत्या लावल्या, तर पायाही मिळतो आणि ३६ ओमचा भार ५० च्या जवळ सरकतो.

त्यात खारा वारा. पीएल-२५९ हा सर्वत्र वापरला जाणारा कनेक्टर पाणबंद नाही. एका पावसाळ्यात त्याच्या तोंडातून शिरलेलं पाणी जाळीच्या विणीतून केशाकर्षणाने आत सरकत जातं आणि वरून केबल धडधाकटच दिसते. सांध्याखाली केबलला एक वळण ठेवलं की पाणी तिथून ठिबकतं. बंदरावर असं वळण क्वचित दिसतं. नव्या १० मीटर आरजी-५८ मधून २५ वॅटपैकी सोळाएक वॅट वर पोचतात, जाड आरजी-२१३ मधून वीस. खराब केबलचा आकडा मी देत नाही, कारण त्याला तळच नाही. शिवाय व्हीएचएफचा पल्ला मुळात क्षितिजाचा: चार मीटर उंचीच्या दोन काठ्यांमध्ये साधारण १६ किलोमीटर, किनाऱ्यावर २५ मीटरचा मनोरा असेल तर २८-२९. या हद्दीच्या काठावर तीन डेसिबल म्हणजे ऐकू येणं आणि न येणं यांतला फरक.

मोठ्या यंत्रणांनी हा प्रश्न केबलच काढून टाकून सोडवला. नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांवर ॲम्प्लिफायर तबकडीपाशीच आहेत आणि सिग्नल काचतंतूने मुख्य इमारतीत येतो. फोर-जीच्या टॉवरवरही रेडिओचा डबा आता वर अँटेनाच्या पाठीशी असतो, खाली उतरतो तो काचतंतू. बोट, जीप आणि मोटारसायकल यांना ही चैन अजून परवडत नाही.

हे सगळं आत्ता का? नोव्हेंबर २००९ मधलं फयान, जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते ही वादळं कोकण किनाऱ्याने सोसली. निसर्गनंतर रायगडच्या किनारी गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बंद होते. डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि धुंदलवाडीच्या परिसरात लोक घराबाहेर झोपू लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी निरोपांची वाहतूक केली होती, तेव्हा अशा प्रसंगी बिनतारी संच काय करू शकतो हे राज्याला माहीत आहे. वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. त्या वादात हे पुस्तक पडत नाही. पण बंदर झालं तर मोठ्या जहाजांच्या वाटेत लहान बोटी असणार, आणि त्यांचा आवाज जहाजाच्या ब्रिजपर्यंत पोचला पाहिजे, एवढं दोन्ही बाजूंना मान्य व्हावं.

दुसरं कारण आनंदाचं आहे. एका जपानी हौशी अभियंत्याने रचलेला नॅनोव्हीएनए हा तळहातावर मावणारा विश्लेषक २०१९ पासून जगभर स्वस्तात मिळू लागला. जी मोजणी पूर्वी प्रयोगशाळेतच व्हायची ती आता बोटीच्या छतावर बसून करता येते. उपकरण आलं, ते काय सांगतं हे मराठीत समजावणारं काही आलं नाही.

या पुस्तकाचा बेत असा आहे: प्रत्येक मोजणी दोनदा करायची, काठीच्या पायथ्याशी आणि केबलच्या खालच्या टोकाला, आणि दोहोंतला फरक वाचायला शिकायचं. जीप, मोटारसायकल, ट्रॅक्टर, लाकडी बोट, फायबरची बोट अशा वेगवेगळ्या पायांवर तीच काठी कशी बदलते हे त्यातून उलगडतं. गणित जिथे टाळता आलं तिथे टाळलं आहे, जिथे टाळल्याने फसवणूक झाली असती तिथे ठेवलं आहे. कुठल्याही कंपनीच्या मालाची शिफारस केलेली नाही. उंच मनोऱ्यांचं वीजसंरक्षण हा स्वतंत्र आणि जिवाशी खेळणारा विषय असल्याने त्याला हात लावलेला नाही. २७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यासारखे अपवाद सोडले तर बिनतारी संच वापरायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. इथले प्रयोग परवानाधारकांसाठी आहेत, आणि ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. ती अवघड नाही. शब्द दुकानात बोलतात तेच ठेवले आहेत: जाळी, कोअर, मॅचिंग, अर्थिंग.

वाचकाला एकच विनंती. पुढचं पान उलटण्याआधी आपल्या सेटची केबल वरच्या टोकाला काठीपासून सोडवा आणि खालच्या टोकाला विश्लेषक लावून पाहा. सेट लावू नका, तो जळेल. मोकळ्या केबलवर आकडा दोनच्या खाली आला, तर आधी केबल बदला आणि मग वाचायला बसा.